कोऱ्या वेफरवरचं गवत

सिलिकॉनचा वेफर प्लाझ्मातून बाहेर काढला आणि तो काळा दिसला, तर त्या दिवशी घरी वेळेवर जायचा विचार सोडून द्यावा. आत जाताना तो आरसा असतो. त्याच्या पृष्ठभागावरचे चढउतार नॅनोमीटरच्या एक-दोन दशांशांत मोजावे लागतात. खोदून झाल्यावर खोदलेल्या खळग्याचा तळही आरसाच राहायला हवा. बिघडायला लागला की तो आधी दुधाळ होतो, मग तपकिरी, आणि प्रकरण हाताबाहेर गेलं की काळा. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली धरला तर तळावर उभ्या सुयांचं दाट रान दिसतं. आमच्याकडे याला सरळ गवत म्हणतात. "गवत आलंय मॅडम," असं तंत्रज्ञानं सांगितलं की पुढचं काही विचारावं लागत नाही.

मी सांगतेय तो 2022 चा पावसाळा. मुळशी तालुक्यात, पिरंगुटच्या पुढे एका छोट्या कंपनीत मी प्रोसेस इंजिनिअर होते. आम्ही प्रकाशावर चालणारा दाबमापक बनवत होतो. सिलिकॉनमध्ये काही मायक्रोमीटर खोल खळगा, त्यावर ताणलेला पातळ पडदा, आणि समोर ऑप्टिकल फायबरचं टोक. फायबरमधून आलेला प्रकाश पडदा आणि तळ या दोन्हींवरून परततो, दोन्ही लाटा एकमेकींत मिसळतात, आणि दाबानं पडदा हलला की ते मिश्रण बदलतं. सगळा धंदा दोन आरशांवर. त्यातला एक आंधळा झाला तर दाबमापकाचं नुसतं काचेचं आणि सिलिकॉनचं खेळणं उरतं.

मुळशीत असलं काही चालतं याचं अजूनही लोकांना नवल वाटतं. खरं तर हिंजवडीचं आयटी पार्क याच तालुक्यात आहे. पण पौड रस्त्यानं भूगाव, भुकूम ओलांडून पिरंगुटचा घाट उतरलं की संगणकवाले संपतात आणि लेथ, मिलिंग, शीट मेटलवाले सुरू होतात. आमची शेड त्यांच्याच शेजारात होती. बाहेर पत्रा, आत क्लीनरूम.

आमचं एचिंगचं, म्हणजे खोदाईचं, यंत्र जुनं, सेकंड-हँड घेतलेलं. निर्वात डबा, त्यात खाली-वर दोन धातूच्या तबकड्या. खालच्या तबकडीवर वेफर ठेवायचा, हवा उपसायची, सल्फर हेक्झाफ्लोराइड आणि थोडा ऑक्सिजन सोडायचा आणि तबकडीला 13.56 मेगाहर्ट्झची वीज द्यायची. वायू जांभळट उजळतो. त्याचे तुकडे होतात, मोकळा झालेला फ्लोरिन सिलिकॉनला धरतो आणि त्याचं सिलिकॉन टेट्राफ्लोराइड होतं. हा वायू उणे 86 अंशांच्या आसपासच उकळतो, म्हणजे खोलीच्या तापमानाला तो वेफरवर टिकूनच राहू शकत नाही. पंप त्याला ओढून घेतो. त्याच वेळी आयन वरून सरळ खाली आपटत असतात. हे दोन मारे एकत्र आल्यावर काय होतं ते आयबीएमच्या जॉन कोबर्न आणि हॅरॉल्ड विंटर्स यांनी 1979 मध्ये दाखवलं. त्यांनी सिलिकॉनवर नुसता झेनॉन डायफ्लोराइड वायू सोडला, मग नुसते अर्गॉनचे आयन, मग दोन्ही. दोन्ही मिळून खोदाई बेरजेच्या कितीतरी पट झाली. हा प्रयोग मी विद्यार्थिदशेत नुसता पाठ केला होता. त्याची दुसरी बाजू पिरंगुटला कळली: आयनांना वेफर आणि वेफरच्या शेजारची वस्तू यांतला फरक कळत नाही. तबकडीवर जे जे ठेवलंय त्या सगळ्यावर ते आपटतात.

मे महिन्यात यंत्राची वार्षिक देखभाल झाली. ओ-रिंगा बदलल्या, पंपाचं तेल बदललं, झिजलेले भाग बदलले. जूनमध्ये पाऊस आला आणि गवतही आलं. दोन्ही एकदमच आल्यामुळे निदान दारातच तयार होतं.

"हवाच ओली आहे मॅडम, मशीन तरी काय करणार," आमचा तंत्रज्ञ म्हणाला. तो उरवड्याचा, त्याच्या घरी त्या आठवड्यात भातलावणीची गडबड होती. मालकांचंही तेच मत, सर्व्हिस इंजिनिअरचंही फोनवर तेच. मुळशीचा पाऊस हा कुठल्याही बिघाडासाठी हुकमी आरोपी आहे. ताम्हिणीकडून ढग यायला लागले की भिंतींना ओल, कपड्यांना वास आणि लायनीला फॉल्ट. लाईट डोळा मारल्यासारखी जायची आणि यायची, तेवढ्यात तबकडीला वीज देणारा आरएफ जनरेटर ट्रिप व्हायचा आणि अर्धवट खोदलेला वेफर वाया. ज्या तालुक्यानं 1921 मध्ये सेनापती बापटांच्या मागे उभं राहून टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, ज्याचं पाणी सह्याद्रीपलीकडे भिऱ्याला नेऊन 1927 पासून वीज काढली जाते, त्याच तालुक्यात आम्ही यूपीएसच्या बॅटऱ्या मोजत बसायचो. असो, तो वेगळा विषय.

ओल्या हवेचा संशय खुळचट नव्हता. आमच्या यंत्राला लोड-लॉक नव्हता, म्हणजे वेफर ठेवण्यासाठी दर वेळी मुख्य डबाच उघडावा लागे. उघडला की बाहेरची हवा आत जाते आणि पाण्याचे रेणू भिंतींना चिकटतात. पंप लावला तरी ते सावकाश, तासन्‌तास सुटत राहतात. प्लाझ्मात पाणी फुटलं की त्यातला ऑक्सिजन सिलिकॉनवर जागोजागी ऑक्साइडचे पातळ ठिपके करतो. ठिपक्याखालचं सिलिकॉन मागे राहतं, बाजूचं खोदलं जातं, आणि तळ खडबडीत होतो. शिवाय भिंतींवर राहिलेला फ्लोरिन आणि हवेतलं पाणी मिळून हायड्रोफ्लोरिक आम्ल होतं, ते वेगळंच संकट. नायट्रोजननं नीट धुऊन काढल्याशिवाय असा डबा उघडूच नये.

म्हणून सुरुवात पाण्यापासूनच केली. पंपाकडची झडप बंद करायची आणि डब्यातला दाब कसा चढतो ते घड्याळ लावून लिहायचं, ही या धंद्यातली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित चाचणी. बाहेरून गळती असेल तर दाबाची रेघ सरळ चढत राहते, कारण बाहेरची हवा काही संपणार नसते. भिंतींतून पाणी सुटत असेल तर रेघ आधी भराभर चढते आणि मग वाकून मंदावते. आमची रेघ वाकत होती. गळती नव्हती, पाणी होतं. मग प्लाझ्माचा प्रकाश वर्णपटमापकात पाहिला. 309 नॅनोमीटरला पाण्याच्या तुकड्याची, म्हणजे हायड्रॉक्सिलची रेषा आणि 656 ला हायड्रोजनची. दोन्ही होत्या, पण बारीक. डबा रात्रभर उपसून, भिंती गरम ठेवून सकाळी पुन्हा पाहिलं, तर त्या जवळजवळ विझल्या होत्या. त्या सकाळी घातलेला वेफर मात्र तितकाच काळा बाहेर आला.

पाऊस आरोपातून सुटला असं मला वाटलं, पण कुणी ऐकेना.

मधल्या काळात दुसरं निदान पुढे आलं: रेसिपीच चुकली आहे. यालाही आधार होता. आमच्या रेसिपीत ऑक्सिजनचं काम खळग्याच्या भिंती जपण्याचं. ऑक्सिजन कमी पडला तर फ्लोरिन आडवा खात सुटतो आणि खळगा वाटीसारखा होतो. जास्त झाला तर तळावरही कवच बसतं आणि सुया उभ्या राहतात. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठातल्या हेन्री यान्सन आणि सहकाऱ्यांनी 1995 मध्ये याचीच पद्धत बनवली. गवत मुद्दाम उगवू द्यायचं. सुया सरळ उभ्या दिसल्या तर भिंतीही सरळ खोदल्या जातायत असं समजायचं आणि मग तिथून थोडं मागे सरकायचं. म्हणजे गवत दिसलं की घाणच असते असं नाही. रेसिपी अगदी काठावर असली तरी ते येतं. आम्ही ऑक्सिजन पायरीपायरीनं कमी केला. गवत विरळ झालं, गेलं नाही, आणि खळग्याच्या कडा आतून पोखरल्या गेल्या.

मग मालकांनी सुचवलं, "पॉवर वाढवा. आयन जोरात आपटले तर सुया मोडतील." पुस्तकात हेही लिहिलेलं असतं. पॉवर वाढवली आणि गवत दुपटीनं दाट झालं. चेहरे पडले, पण मला त्या दिवसाचा निकाल फार आवडला. कवच ऑक्सिजनचं असतं तर जास्त जोराच्या आयनांनी ते कमी व्हायला हवं होतं. वाढलं, याचा अर्थ आयनच कुठून तरी काहीतरी उडवून आणत होते.

पुढची चाचणी मी आधीपासून मागत होते, पण ती 'वाया जाणारी' म्हणून टळत होती. कोरा वेफर घालायचा. त्यावर फोटोरेझिस्टचा लेप नाही, नक्षी नाही, काही नाही. कारखान्यातून आला तसा काढायचा, वरचा नैसर्गिक ऑक्साइड घालवायला हायड्रोफ्लोरिक आम्लात क्षणभर बुडवायचा, आणि नेहमीच्या रेसिपीनं संपूर्ण खोदायचा. गवत आलं नाही तर दोष लिथोग्राफीचा, म्हणजे नक्षी उमटवण्याच्या कामाचा: नीट न निघालेला रेझिस्टचा पापुद्रा, तापून सुरकुतलेला रेझिस्ट वगैरे. आलं तर लिथोग्राफीवाले सुटले.

गवत आलं. आणि सारखं आलं नाही. वेफर हातात तिरका धरून टॉर्च मारला तर कडेनं काळी पट्टी, आत तपकिरी वलय आणि मध्यभागी अजून बऱ्यापैकी आरसा. पाण्यानं असं होत नाही. पाण्याची वाफ डब्यात सगळीकडे सारखी पसरते. रेसिपीनंही इतकी रेखीव पट्टी येत नाही. कडेला काहीतरी होतं. कडेला होती ती रिंग.

वेफरभोवती तबकडीवर एक कडं बसवलेलं असतं. प्लाझ्मा कडेपर्यंत सारखा राहावा आणि तबकडीचा धातू झाकला जावा हे त्याचं काम. मूळ रिंग क्वार्ट्झची होती. मे महिन्याच्या देखभालीत तिला तडा गेलेला सापडला. परदेशातून नवी यायला बरेच आठवडे लागणार होते आणि किंमत ऐकून हिशेबनीस गप्प झाले. म्हणून जवळच्याच एका वर्कशॉपमधून ॲल्युमिनियमची करून घेतली होती, वर ॲनोडायझिंग करून. मापं चोख, कडा सुरेख. इतकं स्वच्छ काम मी मोठ्या कंपन्यांतही क्वचित पाहिलंय. ड्रॉइंगवर मटेरियलची ओळ रिकामी होती, आणि खरेदी विभागानं ती आपल्या अकलेनं भरली होती.

फ्लोरिनच्या प्लाझ्मात हे कसं वागतं ते चुलीच्या भाषेत सांगता येईल: सिलिकॉनचा आणि क्वार्ट्झचा धूर होतो, ॲल्युमिनियमची राख होते. धूर पंपाबरोबर जातो. राख, म्हणजे ॲल्युमिनियम फ्लोराइड, 1,290 अंशांच्या आसपास तापल्याशिवाय उडत नाही. ॲनोडायझिंगचा थर आयनांच्या माऱ्यानं झिजला, खालचं ॲल्युमिनियम कणाकणानं उडालं, फ्लोरिनशी बांधलं गेलं आणि शेजारच्या वेफरवर बसलं. काही नॅनोमीटरचा कण. त्याच्याखाली खोदाई होत नाही, भोवती होत राहते. काही मायक्रोमीटर खोदून झालं की प्रत्येक कणाखाली एक सुई उभी. पॉवर वाढवल्यावर गवत दाट का झालं, हे वेगळं सांगायला नको.

हे सगळं अजून तर्क होतं. पुरावा हवा म्हणून वेफरचे तुकडे डबीत घालून मी पाषाणच्या एका प्रयोगशाळेत घेऊन गेले. चांदणी चौकातला जुना पूल तेव्हा उभा होता. तो पाडला त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये. पावसात त्या चौकात अडकून मायक्रोस्कोपची ठरलेली वेळ हुकायची भीती हा त्या वर्षी आमच्या संशोधनाचा भागच होता.

इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली सुया छान दिसल्या. मूलद्रव्यं ओळखणाऱ्या क्ष-किरण वर्णपटात मात्र पहिल्या फेरीत फक्त सिलिकॉन. ऑपरेटर म्हणाले, "ॲल्युमिनियम नाहीये, मॅडम." पण सिलिकॉनचं शिखर 1.74 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला येतं आणि ॲल्युमिनियमचं 1.49 ला. दोघं खेटून. सिलिकॉनचा डोंगर एवढा मोठा की शेजारची टेकडी त्याच्या उतारात बुडते, आणि इलेक्ट्रॉन जास्त वेगाचे असले तर ते सुईचं टोक भेदून खालच्या सिलिकॉनचीच बातमी आणतात. मी व्होल्टेज उतरवून 5 किलोव्होल्टवर आणायला सांगितलं आणि टोकावर जास्त वेळ थांबायला. उतारावर टेकडी वर आली, आणि बरोबर फ्लोरिनही. नंतर एक्सपीएस या पृष्ठभागाच्या चाचणीत ॲल्युमिनियम फ्लोरिनशी बांधलेलं असल्याचं दिसलं. वेफरच्या मध्यभागी ते जवळजवळ नव्हतंच.

इतकं झाल्यावर रिंग काढायला कुणाची हरकत उरली नाही. तिच्या जागी तात्पुरती, तडा गेलेली जुनी क्वार्ट्झचीच बसवली. पण रिंग काढून भागत नाही, कारण राख तोवर सगळ्या डब्यात बसलेली असते आणि ऑक्सिजनच्या प्लाझ्मानं ती जळत नाही. हातमोजे, मास्क, शुद्ध पाणी, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सोडणारं कापड घेऊन आतला प्रत्येक पृष्ठभाग पुसावा लागला. उरवड्याचा आमचा गडी लावणी आटोपून आला होता, त्यानं हे काम कुणी न सांगता दोनदा केलं. मग रात्रभर पंप, सकाळी ऑक्सिजन प्लाझ्मा, मग निरुपयोगी वेफर घालून डबा रुळवणं, आणि शेवटी कोरा वेफर.

तो आरसा होऊन बाहेर आला. मालकांनी त्यात स्वतःचा चेहरा पाहून मिशीवरून हात फिरवला.

अणुबल मायक्रोस्कोपनं मोजलं तेव्हा मात्र तळ अजून हवा तितका सपाट नव्हता. डोळ्याला दिसणार नाही, पण काही नॅनोमीटरचे उथळ खड्डे. हे पाण्याचं काम होतं. दोन दुखणी एकाच वेळी चालू होती; मोठं होतं तोवर लहान दिसत नव्हतं. ते हटवायला डब्याच्या भिंती गरम ठेवल्या, डबा उघडा असताना आत कोरड्या नायट्रोजनचा झोत चालू ठेवला, यंत्राजवळ डीह्युमिडिफायर आणला, आणि हायड्रॉक्सिलची रेषा खाली आल्याशिवाय कामाचा वेफर घालायचा नाही असा नियम केला. ऑगस्टमध्ये, बाहेर धो धो पाऊस असताना, खडबडीतपणा एका नॅनोमीटरच्या आत आला. रेसिपी मूळचीच ठेवली. तिच्यात काही बिघडलेलंच नव्हतं.

गंमत म्हणजे आम्ही कचऱ्यात टाकलेल्या काळ्या वेफरांना जगात मागणी आहे. असं सिलिकॉन प्रकाश परतवत नाही, म्हणून सौरघटवाले ते मुद्दाम बनवतात. हार्वर्डमध्ये एरिक मेझर यांच्या गटानं ते लेझरनं बनवलं, आणि वायू हाच, सल्फर हेक्झाफ्लोराइड. 2013 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवलं की चतुराच्या पंखांसारख्या या सुयांवर जिवाणू फाटून मरतात. मालकांना हे सांगितलं, तर ते क्षणभर धंदा बदलायच्या विचारात पडले होते. मला त्या वाया गेलेल्या वायूचं वाईट वाटतं. उष्णता धरण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या 23,000 पटींहून जास्त भारी आहे. पावसाला शिव्या देत चालवलेली प्रत्येक फेरी त्या हिशेबातही जमा होते.

आदल्या वर्षी, डिसेंबर 2021 मध्ये, केंद्र सरकारनं सेमीकंडक्टरसाठी 76,000 कोटी रुपयांची योजना जाहीर केली होती आणि तेव्हापासून जो तो चिप कारखान्यांबद्दल बोलतो. कारखाने उभे राहतील. पण त्यांतल्या बहुतेक एचिंग यंत्रांत क्वार्ट्झची किंवा सिलिकॉनची अशी रिंग असते, ती झिजते आणि ठरावीक काळानं बदलावीच लागते. आमची नवी रिंग शेवटी परदेशातूनच आली, सप्टेंबरात, फोमच्या खोक्यात. ॲल्युमिनियमची ती सुरेख रिंग ज्या हातांनी बनवली ते हात आमच्यापासून दहा मिनिटांवर होते. त्यांना क्वार्ट्झ कापायची हिऱ्याची हत्यारं आणि आमच्याकडून मटेरियलची एक ओळ एवढंच कमी पडलं. पिरंगुट, भोसरी, चाकण या पट्ट्यात उच्च शुद्धतेच्या क्वार्ट्झवर काम करणारं किंवा ते सुरू करू पाहणारं कुणी हे वाचत असेल, तर त्यानं जवळच्या क्लीनरूमचं दार ठोठावावं. गिऱ्हाईक आत बसलेलं आहे.